यादीतलं पहिलं पुस्तक

मिरजगाव,
श्रावणाला आठ दिवस राहिले आहेत.

प्रिय पंकजा,

फोनवर आपण जेवण आणि पाऊस यांच्यापुढे जात नाही, म्हणून कागद घेतला. इकडे बरं आहे. उडीद फुलोऱ्यात आहे. झेरॉक्सचं दुकान चालतं. आत्याचे गुडघे धरलेत, पण तोंड शाबूत आहे.

गेल्या मंगळवारी शेजारच्या गोरक्षची पोरगी संस्कृती दुकानात आली. कॉलेजात जाते आता. मोबाईल पुढे करून म्हणाली, काका, एवढी दोन पानं काढून द्या आणि आमच्या घरी बोलू नका. परीक्षेचं काही असेल असं मला वाटलं. पान मशीनमधून बाहेर येताना मथळा दिसला. विक्का आणि जुने निसर्गधर्म, नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलींनी काय वाचावं. विक्का म्हणजे परदेशातला निसर्ग पुजणारा पंथ, हे पुढे वाचून कळलं. खाली यादी करणारीचं नाव होतं. तुझं होतं आणि मधे माझंही होतं. पोरगी गेल्यावर स्वतःसाठी अजून एक प्रत काढली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा वाचली. खोटं कशाला सांगू, आधी संताप आला. चंद्राच्या कलांचं पुस्तक, झाडपाल्याचं पुस्तक, युरोपात चेटकीण ठरवून जाळलेल्या बायांचा इतिहास. आधी इतिहास वाचा, मंत्रतंत्र नंतर, असं तू बजावलंयस. पैसे मागणाऱ्या गुरूपासून लांब राहा, हेही. शहाणपणाचं आहे सगळं. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पाण्याला, मातीला, झाडाला हात जोडायला तुला परदेशातली पुस्तकं लागली? तुझी आई विहिरीवरच्या सात दगडांना दर मंगळवारी हळदकुंकू वाहायची आणि दहीभात ठेवायची. तिला वाचताही येत नव्हतं. आणि अनोळखी पोरींना तू किती मायेनं समजावतेस. घाबरू नका, थकलात तर पुस्तक मिटून ठेवा. बारा वर्षांत माझ्याशी एकदा तरी असं बोललीस का? मनात हे असंच आलं, म्हणून असंच लिहिलं.

मग पुन्हा वरून वाचायला लागलो, तेव्हा कळलं की रागाच्या भरात पहिला क्रमांक मी ओलांडूनच गेलो होतो. तिथे कुठल्याच पुस्तकाचं नाव नाही. तू लिहिलंयस, 'तुमच्या घरात जे पुस्तक तुम्हाला शिवू दिलं नाही, ते आधी वाचा.'

तुला आठवतं तसं मलाही आठवतं. तू तेरा वर्षांची होतीस. श्रावणाचं पारायण चालू होतं. बायकांनी ती पोथी वाचायची नाही, हे माझ्या वडिलांनी मला सांगितलं आणि मी तुला. त्यात तू त्या दिवशी बाहेरची होतीस. मी शेतावरून लवकर आलो, तर तू देव्हाऱ्यासमोर पोथी मांडीवर घेऊन बसलेली, ओठ हलत होते. मी तुला मारलं नाही. लोकांना मी हे बरेचदा सांगितलंय, मारलं नाही म्हणून. पोथीवर गोमूत्र शिंपडलं, सगळी वस्ती बघत असताना, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या अध्यायापासून पारायण नव्याने धरलं. तू गोठ्याच्या भिंतीला टेकून बघत होतीस.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईला बांधावर गवत कापताना घोणस चावली. गोरक्षचा टेम्पो बाजाराला गेलेला. मोटरसायकल अंगणात उभी आणि तिची किल्ली देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, माझ्यापासून दोन हातांवर. अध्याय संपेपर्यंत आसन सोडायचं नाही आणि बोलायचं नाही, हा नियम. संपल्यावर मी उठलो, तुझ्या आईला, चांगुणाला, मोटरसायकलवर मधे बसवलं, तू मागून तिला धरलंस. इथल्या डॉक्टरांनी नगरला न्यायला सांगितलं. घोगरगावच्या पुढे तिची मान तुझ्या हातावर पडली, ते मला तुझ्या बोलण्यावरून नाही, हुंदक्यावरून कळलं. अर्धा तास आधी निघाला असता तर, एवढंच नंतर डॉक्टर म्हणाले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दहाव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीनं पोथी बाटवली, ती घराला नडली." मी तिथेच बसलो होतो. मी काही बोललो नाही. तुझ्याकडे बघितलंही नाही. पुढे लोक मला मानू लागले. घरात एवढं झालं तरी अजिनाथनं पारायण पुरं केलं, असं म्हणायचे. चार गावांतून वाचायला बोलावणी आली. शाल, नारळ, पाया पडणं. मी ते सगळं घेतलं. कुणी विचारलं की तुला कळलं कसं नाही, तर मी सांगायचो, पोथीत तल्लीन होतो, कानावर आलं नाही. लोक आणखी वाकायचे. तू दहावीनंतर वसतिगृहात गेलीस तेव्हा मी एकदाही राहा म्हणालो नाही. तू समोर नसलीस की मला वाचायला सोपं जात होतं.

तुझ्या यादीच्या शेवटी, संस्कृतीसारख्या पोरींसाठी, एक सूचना आहे. 'घाईनं वाचू नका. घाईनं वाचलेलं कुणाच्या उपयोगी पडत नाही. लहानपणी दाराबाहेर उभं राहून मी तसं एक वाचन ऐकलं आहे.' ते वाचल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत स्टुलावर बसून राहिलो. म्हणजे तुला ठाऊक होतं. बारा वर्षं ठाऊक होतं, आणि तरी आत्याचं बोलणं तू मुकाट डोक्यावर घेतलंस.

पंकजा, मी ऐकलं होतं. तू तीनदा आलीस. पहिल्यांदा म्हणालीस, "आप्पा, उठा, आईला पान लागलंय." साप म्हणायचं नसतं, ही आईची शिकवण तू तेव्हाही पाळलीस. दुसऱ्यांदा नुसतं उठा म्हणालीस. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाहीस, चौकट धरून उभी राहिलीस. पारायण एकदा मोडलं होतं, दुसऱ्यांदा मोडलं तर घरावर काही येईल, असं माझ्या मनात होतं. ते येऊन बांधावर बसलं होतं, आणि मी वाचत होतो. मी वेग वाढवला. ऐकलं नसतं तर वेग कशाला वाढवला असता?

परवा आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, आता उकरून काय मिळायचंय. या श्रावणात वाचायला बसायचं नाही असं ठरवलंय, आणि का ते पहिल्या दिवशी देवळात उभं राहून सांगणार आहे. देवावरचा विश्वास गेलेला नाही. जात नाही, हीच अडचण आहे. तुझी माफी मागायला हे पत्र नाही. यादीतलं पहिलं पुस्तक तुझ्याकडे नाही, म्हणून ते पाठवायचं होतं. एसटीच्या पार्सलनं पोथी येईल. बाराव्या अध्यायात, तू पहिली हाक मारलीस त्या ओवीपाशी मी पेन्सिलीने खूण केली आहे. तिथून अध्याय संपेपर्यंत घड्याळ समोर ठेवून सावकाश वाच. तुझ्या आईकडे तेवढा वेळ होता.

तू ठेवशील तर तुझाच,
आप्पा