आमटीचं तापमान

शनिवार, ४ जानेवारी
वीसपैकी सहा! बावीस वर्षं अंबरनाथच्या फॅक्टरीत केमिस्ट आहे, माझा एकही रिपोर्ट कधी परत आला नाही. आणि समाजशास्त्राच्या श्रद्धा मॅडम, वय माझ्या निम्मं, म्हणतात, "कुमुदिनीताई, नीटनेटकं आहे, पण हा निबंध नाही." विषय होता बारसं. मी उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं लिहिलं. शेवटी दक्षताही — 'आत्याने ठरवलेल्या नावावर मत देऊ नये.' अजून काय पाहिजे?

एकदाच परत देता येईल. दहाच्या खाली आले तर एम.ए.च्या परीक्षेला बसताच येणार नाही. नवा विषय : आमच्या घरातलं रात्रीचं जेवण.

सोमवार, ६
तक्ता आखला. कोण किती वाजता बसलं, तेव्हा आमटी किती गरम. सासूबाई ७:३०, ६८ अंश. गुरुदत्त ८:०५, ६१. मुलगा वरद ८:३०, मोबाईलसह, ५२.
गुरुदत्त थर्मामीटरकडे बघत म्हणाला, "कुमुद, हा फॅक्टरीतला नाही ना?" नवरा आहे, पण विश्वास म्हणून नाही. नवा कोरा आणलाय.

बुधवार, ८
सासूबाई : "मी शेवटी जेवते असं लिही गं. तुझ्या मॅडम काय म्हणतील?" म्हटलं, रीडिंग बदलत नाही. अबोला.

शनिवार, ११
पक्कं देण्याआधी दाखवलेला तक्ता मॅडमनी बराच वेळ बघितला. "घरात माणसं किती?" चार. "मग नोंदी तिघांच्याच?" म्हटलं, निरीक्षक स्वतःची नोंद करत नसतो, आमच्याकडे असंच शिकवतात. त्या हसल्या. "आमच्याकडे तिथूनच सुरुवात होते. पुढच्या शनिवारी 'मी'पासून लिहून आणा."
स्टेशनपासून मांजर्लीच्या घरापर्यंत रिक्षात नुसती चिडचिड. मी कधी जेवते तेच आठवेना.

सोमवार, १३
माझं रीडिंग घेतलं. ९:२५. आमटी ३१. खोलीचं तापमान २७. वाईट वाटलं. मग तेही लिहिलं.

बुधवार, १५
वरदला टाइप करायला दिलं. इंजिनिअरिंगचं पोरगं! 'मी भाजी चिरते, मी वाढते, मी उरलेलं जेवते' — याचं त्याने केलं, 'भाजी चिरली जाते, वाढली जाते, उरलेले संपवले जाते.' वर म्हणे, "आई, रिपोर्टमध्ये 'मी' दिसला की सर पानच फाडतात." शिकवलं कोणी त्याला हे? दहावीच्या प्रयोगवहीला मीच बसले होते शेजारी. आता भोगा.
म्हटलं, सगळे 'मी' परत घाल. सत्तेचाळीस निघाले. घालता घालता वाचायला लागला, 'आमटी ३१'पाशी आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसला.

शनिवार, १८
सतरा! परीक्षेचा फॉर्म भरला. सासूबाई बोलल्या. "पेढे आण."

रविवार, १९
साडेसातला वरदने पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. "रीडिंग घे." ७२.
लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा आमटीने जीभ भाजली.