तेहेतीस कोटींची मूळ संख्या

४ ऑगस्ट २०२५, सोमवार
शोध लागला! ३१ ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ३३१ पण मूळ. ३३३१ पण! तिनाला तीन लावत जायचे, शेवटी एक. अमेरिकेत चार कोटी अंकी मूळ संख्या शोधायला हजारो कॉम्प्युटर लागले म्हणे. मला खडूचा तुकडा पुरला.
हेडमास्तर अब्राहामसर महिनाअखेर रिटायर. खुर्ची मला की हन्नामॅडमला, हा प्रश्नच मिटला.

६ ऑगस्ट
सात तिनांपर्यंत नेटवर तपासले. सगळ्या मूळ. आठव्याला रेंज गेली. सात वेळा खरे ठरले ते आठव्यांदा कशाला बिघडेल?

८ ऑगस्ट
संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब यांना संख्या वाचून दाखवली. तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. त्यांनी हातच जोडले. म्हणाले, आदिनाथ गुर्जी, तेहेतीस कोटी म्हंजी समदे देव आले की वो! लई भारी हाय! पंधरा ऑगस्टला सत्कार. सोनईच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स. वर मी, मध्ये संख्या, खाली बावीस शुभेच्छुक.

११ ऑगस्ट
हन्नामॅडमने विचारले, सर, सतराने भागून पाहिले का? जळते मेली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळे पाहिले. सतराच्या पाढ्याचे आणि माझे पाचवीपासून जमत नाही, पण ते तिला कशाला सांगू? मोबाईलवर करा म्हणाली. मोबाईलवर भागाकार हा गणिताचा अपमान आहे, असे सुनावले.

१३ ऑगस्ट
उद्या सतराने भागायचेच. ठरले.

१४ ऑगस्ट
फ्लेक्स लागला. भागाकार राहिला. केस रंगवायचे होते.

१५ ऑगस्ट, दुपार
शाल, नारळ, टाळ्या. भाषणात म्हणालो, ही संख्या कुणापुढे वाकत नाही. इथेच थांबायला हवे होते. आप्पासाहेबांना चेव आला. माइक ओढून म्हणाले, कुनी भाग घालवून दावा, ही शाल त्याची!
हन्नामॅडम उठली. झेंड्याजवळच्या फळ्यावरचा सुविचार पुसला. सतराने भागले. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. बाकी शून्य.
पोरांनी माझ्यापेक्षा जास्त टाळ्या तिला वाजवल्या. आप्पासाहेबांनी शाल स्वतः माझ्या खांद्यावरून काढली. नारळ मी सोडला नाही. लाज वाटली. फार वाटली.

१ सप्टेंबर
खुर्चीत हन्नामॅडम. फ्लेक्स आप्पासाहेबांच्या कांद्याच्या ढिगावर झाकायला. जाता-येता माझा चेहरा दिसतो, त्यावर दगड ठेवला आहे.
मॅडमचा पहिला आदेश: परिपाठाला रोज एका शिक्षकाने पाढा म्हणायचा. उद्या मी. कोणता, ते विचारलेच नाही. कळले.
करतोच पाठ. अवघड काय आहे त्यात?
सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक
अंगात कणकण वाटते आहे. उद्या रजा.