पूर्वीची तक्रार : नाही

छत्रपती संभाजीनगर,
४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. शीलाताईस,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत मामांकडं दोन दिवस एका घरात होतो, पण तू काही स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. रुसली असशील तर रूस, पण पत्र वाच. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझा फोन कधी भावजींच्या दुकानात, तर कधी तुझ्या लेकाच्या, ऋतुराजच्या हातात.

माझं काम तुला ठाऊक आहे. बायका-पोरींवर अत्याचार केलेल्या कैद्यांशी तुरुंगात बसून बोलायचं, आणि सुटल्यावर हा माणूस पुन्हा तसं करील का, याचा अंदाज एका तक्त्यावर मांडायचा. तक्ता परदेशात तयार झालेला. आपल्याकडं तो कितपत लागू पडतो, हाच माझा प्रबंध. त्यातला एक कैदी मामांच्याच गावचा निघाला. नाव लिहीत नाही. त्याला रजेवर घरी सोडावं का, याबद्दल तुरुंगानं माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचं मत मागवलंय आणि त्या माझ्या तक्त्यावर विसंबून आहेत. 'पूर्वीची तक्रार' या रकान्याला त्यात फार वजन. पोलिसांत आधीची काहीच नोंद नाही, म्हणून दिवाळीत मी मामांना विचारलं. ते म्हणाले, की तसलं आधी कधीच काही झालं नाही, पोरगा संगतीनं बिघडला. मामांचा शब्द म्हणजे गावाचा दाखला. मी 'नाही' लिहिलं, आणि धोका कमी निघाला. तीस तारखेला कागद जाईल.

माझ्यावरचा लोभ रागासकट राहू दे.

तुझी,
प्रेरणा

सोयगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणास,
शीलाताईचे अ. उ. आ.

रुसायला मी कोण? तू नाव लिहिलं नाहीस, पण आबांना विचारलंस म्हणजे गावाला दवंडी दिल्यासारखंच. बद्रीनाथच ना तो? पुंजारामची भाची त्याला सोडवून आणणार, असं पारावर बोलतात.

दिवाळीला माहेरी पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर तुझा फोटो, भाषण करतानाचा. त्या खिळ्यावर माझ्या लग्नाचा फोटो होता. तो आता कपाटात, चादरींच्या खाली. येईल त्याला आबा सांगत होते, की आमची प्रेरणा माणसांची मनं वाचती. मी भाकरी थापत ऐकत होते. बारावीला मी तालुक्यात दुसरी आले होते, हे त्यांना आठवत तरी असेल का? मला म्हणाले होते, की पोरीच्या जातीला एवढं लई झालं. तुझ्या वेळेला मात्र स्वतः गादी डोक्यावर घेऊन वसतिगृहात सोडून आले. तुझे वडील नव्हते म्हणून, हे कळतं मला. पण कळलं म्हणून जळायचं थांबत नाही. जळते मी तुझ्यावर. लपवून काय करू?

आबा म्हणाले ना, मग झालं. मला थोडंच विचारायचं असतं कुणी.

ऋतुराजला पडसं आहे, बाकी ठीक. माझ्या मायेत या खेपेला थोडी काटछाट झाली, तेवढी चालवून घे.

शीलाताई

छत्रपती संभाजीनगर,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. शीलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो लावा असं मी म्हटलं नव्हतं गं. आणि खरं सांगू? हेवा मलाही वाटत आलाय. तू मामांशी भांडू शकतेस. मी पडले भाची, मला जन्मभर गुणीच राहावं लागलं.

पण तुझी शेवटची ओळ खटकली. तुला विचारलं नाही ही माझी चूक. आता विचारते : तुला काही माहीत आहे का? परवा मी त्याच्या घरी जाऊन आले. भावाच्या दोन पोरी आहेत, एक नऊ वर्षांची, एक बारा. थोरलीनं मला चित्रांची वही दाखवली. त्या दोघी झोपतात त्याच खोलीत त्याची बाज टाकणार आहेत, कारण दुसरी खोलीच नाही.

लगेच लिही. मग हवी तेवढी माया कापून घे.

प्रेरणा

सोयगाव,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणास,
अ. उ. आ.

त्या बाजेचं वाचलं आणि वही-पेन घेतलं. सांगून टाकते.

मी नववीत होते. सखूबाईच्या मेंढ्या खतासाठी आपल्या रानात बसवल्या होत्या. तिची लेक भागू माझ्याच वयाची. बद्रीनाथनं तिला विहिरीपाशी एकटं गाठलं. नको ते झालं. सखूबाई रडत आबांकडं आली, ठाण्यात जाते म्हणाली. आबांनी तिला थांबवलं आणि आमच्याच ओसरीवर बैठक बसली. ठरलं ते असं, की बद्रीनाथनं सखूबाईच्या पाया पडायचं आणि सखूबाईनं सकाळी मेंढ्या हाकून पुढच्या गावाला जायचं. ठाण्याची पायरी कुणी चढायची नाही. तसा कागद करायचा होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून आबांनी मला हाक मारली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. खाली आबांची सही, सखूबाईचा अंगठा. भागू दाराशी उभी राहून बघत होती. तो कागद पुढं कुठं गेला, ठाऊक नाही.

तुला आबांनी पुस्तकं आणून दिली आणि मला ते लिहायला लावलं.

दिवाळीत ते तुला खोटं सांगत होते, तेव्हा मी चुलीपाशी होते. उठून बाहेर आले नाही. बरं वाटलं मला, देवाशपथ. एवढी शिकलेली, आणि आबांचं मन हिला वाचता येत नाही! इतके दिवस ते सुख चाखलं. त्या पोरींपेक्षा मला माझी जळजळ मोठी वाटली.

आता लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू बघ.

शीलाताई

छत्रपती संभाजीनगर,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. शीलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडमना सगळं सांगितलं. हे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते बरोबरच आहे. मामांचं तोंडी ऐकून मी रकाना भरला. दुसऱ्या कुणाचं असं ऐकून भरला नसता.

मॅडम म्हणतात, की तीस तारखेच्या आत बैठकीतल्या कुणाची तरी सही केलेली लेखी हकिगत हवी. तू दिलीस तरी चालेल. त्यात मामांचं नाव येणार. माझी त्यांना विचारायची छाती होत नाही.

तू सांगितलंस, लोभाला तेवढं पुरे आहे.

प्रेरणा

सोयगाव,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणास,
अ. उ. आ.

मी लिहायला बसले होते. पण आबांच्या पाठीमागं नको वाटलं. बोलावून घेतलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं.

आधी चिडले. मागचं कशाला उकरता म्हणाले. त्या बाईच्या भल्यासाठीच केलं, ठाण्यात मेंढरंवाल्याचं कोण ऐकतंय म्हणाले. मग म्हणाले काय, तर प्रेरणा आता मला काय म्हणत असंल. तेव्हाही तूच! मी समोर बसलेली, मला इतकी वर्षं काय वाटलं असेल ते नाही.

मी बाजेचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, की वही आण, मी सांगतो, तू लिही. मी वही आणली, पेन त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, की या खेपेला तुमच्या हातानं.

दुपार गेली त्यांची. सखूबाईचं लिहिलं, बैठकीचं लिहिलं, तुला खोटं सांगितलं तेही लिहिलं. कागद सोबत आहे, हातात पडताच मॅडमना दे.

मधेच एकदा थांबले होते. सखूबाईच्या पोरीचं नाव त्यांना आठवेना. शेवटी मला विचारलं. मी सांगितलं. आबांनी मला आजवर विचारलेली ही पहिली गोष्ट.

तुझ्यावर जळणं काही लगेच सुटायचं नाही. तेवढं सांभाळून लोभ धर.

शीलाताई