चौथं शील

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून आपण चौदाव्या मजल्यावरचे माणूस. आठ वर्षं कॉल सेंटरमध्ये बसून लोकांच्या बंद पडलेल्या इंटरनेटच्या शिव्या खाल्ल्या, त्याचं काहीतरी फळ मिळायलाच हवं होतं. ट्रुगानिनाच्या घरून बस, पुढे ट्रेन, मेलबर्नच्या डॉकलंड्सला उतरलं की समोर ऑफिस. खिडकीतून समुद्र दिसतो आणि कॉफीला वेगळी बाई ठेवलेली आहे. गिरिजाला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "काम काय आहे ते कळलं का?" बायको ती बायकोच.

ही नोकरी तनयमुळे मिळाली. गेल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात मी स्टेजवर नकला केल्या, तेव्हा तो पुढच्या रांगेत पोट धरून हसत होता. याच खुर्चीवर तो बसायचा. आता घशाच्या त्रासाने रजेवर आहे.

टीम लीडर लीना अॅडलेडची, हसतमुख बाई. तिने आधी माझा आवाज रेकॉर्ड केला. इंग्रजी झालं, मग म्हणाली, आता आपल्या भाषेत बोल, घरच्या माणसाशी बोलतोस तसं. मी आईशी बोलतो तसं बोललो. हा आवाज सर्वांत चांगला ओळखणारं माणूस कोण, असंही विचारलं. तिथेही आईचंच नाव आणि नागपूरचा नंबर दिला. काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज, बाकी काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम कळलं, आणि मजेचं आहे. कंपनी मूळची अमेरिकन. तिकडे एखादा कायदा व्हायचा असला की लोक आपापल्या सिनेटरच्या ऑफिसला फोन करून सांगतात, आमचा पाठिंबा आहे किंवा विरोध आहे. आपली दुपार ती त्यांची रात्र. ऑफिस बंद असतं, फोन मशिन घेतं. सकाळी तिथली पोरं येतात, निरोप ऐकतात आणि बाजूने किती, विरोधात किती ते मोजतात. सिनेटरसाहेब तो आकडा बघून मत ठरवतात, किंवा आधीच ठरवलेल्या मताला तो आकडा चिकटवतात. हे शेवटचं वाक्य लीनाचं.

ज्यांना फोन करायला वेळ नाही त्यांच्या वतीने आम्ही करायचा. त्यांचा जुना आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा, घशात बसवायचा आणि निरोप ठेवायचा. कॉम्प्युटरने बनवलेला आवाज तिकडे लगेच पकडला जातो म्हणे. माणसाच्या गळ्यातून निघालेला पकडता येत नाही.

सध्याचा क्लायंट रसायनांचा कारखानावाला. कॉर्बिन्स फोर्ड नावाचं नदीकाठचं गाव आहे, वरच्या अंगाला कारखाना. पाण्यामुळे आजारी पडलो म्हणून कुणाला कंपनीवर खटला भरता येऊ नये, असा कायदा हवा आहे. लीना त्याला रोजगार वाचवणारा कायदा म्हणते. मला दिलेला माणूस वॉल्टर, वय झालेलं, आवाज खरखरीत, वाक्याच्या शेवटी बारीकसा खोकला. खोकला मला पहिल्याच दिवशी जमला.

९ फेब्रुवारी, रविवार

आमची रविवारची वंदना. आई नागपूरहून फोनवर एक-एक ओळ सांगते, आम्ही तिघं तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून मागून म्हणतो. सहा वर्षांची मयूरा एरवी मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते, पण त्रिशरण-पंचशील पाठ आहे तिला. आई नंतर सांगते कुणाचा आवाज बसलाय, कुणी झोपेत म्हटलं. आज म्हणाली, तुझा आवाज खुललाय बाबू, नोकरी मानवली. जीव सुखावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

परीक्षा पास झालो. लीनाने एक नंबर लावून दिला आणि सांगितलं, वॉल्टरच्या आवाजात बोल, समोरच्या बाईला पटलं तर तू तयार. म्हातारी बाई होती. मी म्हटलं, अगं, मीच बोलतोय. ती बराच वेळ गप्प. मग रडत रडत विचारायला लागली, की कुठे आहेस, जेवलास का, घरी कधी येणार. मी खोकलो आणि म्हणालो, लवकरच.

लीना म्हणाली ती क्लायंटने ठेवलेली नटी आहे. भारी नटी आहे बाबा. घरी येताना सगळ्यांसाठी जिलबी घेतली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नमुना बदललाय. वॉल्टरचा नमुना म्हणजे त्याच्या घरच्या फोनच्या व्हॉइसमेलवरचा निरोप: आम्ही घरी नाही, नाव सांगा. रोज ऐकून मला तोंडपाठ झालाय. आज त्यानंतर एक श्वास ऐकू आला. आणि त्या श्वासानंतर वॉल्टरने विचारलं, कोण बोलतंय.

लीनाला ऐकवलं. तिला फक्त नेहमीचा निरोप ऐकू आला. मी हेडफोन बदलून घेतले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज लीनाला सरळ विचारलं, या लोकांनी आपल्याला परवानगी दिली आहे ना. ती कॉफी ढवळत होती. म्हणाली, ते सगळे वारलेत. कॉर्बिन्स फोर्डचेच, गेल्या चार-पाच वर्षांतले. माणूस मेलं की त्याचा फोन बंद होतो, पण व्हॉइसमेलवरचा आवाज फोन कंपनीकडे पडून राहतो, तो आम्ही घेतो. जिवंत माणूस उद्या उभा राहून म्हणेल की हा आवाज माझा नव्हे. तो धोका यात नाही.

"दे नेव्हर रिंग बॅक, मेट," ती म्हणाली. मेलेले कधी उलटून फोन करत नाहीत.

पाणी पिऊन मेलेला माणूस माझ्या तोंडून सांगतोय की पाणी चांगलं आहे. आणि परीक्षेतली ती म्हातारी नटी नव्हती, त्याची बायकोच होती. मला शरम वाटली, भयंकर शरम वाटली. तरी नंतर दिवसभर निरोप ठेवले. घराचे हप्ते आहेत, असं मनाला सांगितलं.

२ मार्च, रविवार

वंदना. पाणातिपाता झालं, पुढची दोन झाली. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. आई म्हणाली, "मुसावादा वेरमणी". गिरिजा आणि मयूरा म्हणाल्या. माझ्या घशातून काही येईना. जोर लावला तेव्हा आलं, पण ते मी म्हटलेलं नव्हतं. खरखरीत, जड जिभेचं, अमेरिकन वळणाचं पाली. शेवटी बारीकसा खोकला.

मयूरा हसली. तिला वाटलं मी नक्कल केली.

आईने पाचवं शील सांगितलंच नाही. मग म्हणाली, "पाहुणे कोण आलेत रे घरी? चहा दिलास का त्यांना?"

५ मार्च, बुधवार

फोन वाजला, ऑफिसच्या बूथमधला. त्या फोनवरून फक्त बाहेर लावता येतो, आत येतच नाही. उचलला. एक बाई बोलली, मग एक मुलगा, मग कुणी पुरुष, एकामागे एक, शांतपणे. प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव सांगितलं आणि मग एकच मागणी केली. आमचा आवाज परत दे.

कसा देऊ, हे मला माहीत नाही. तेही कुणी सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार

क्रेगीबर्नला तनयकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. वाळला आहे. मला बघून डोळ्यांत पाणी आलं आणि तोंड उघडलं, तर आतून एक म्हातारी बाई बोलली. कॉर्बिन्स फोर्डची. नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, नळाचं पाणी पिवळं यायचं म्हणाली, आणि तनय दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबत होता.

मग त्याने फोनवर टाइप करून मला दाखवलं. राजीनामा दिला की हे आवाज सोडतील असं वाटलं होतं, पण सोडत नाहीत. माझी माफी मागत होता, माझं नाव त्यानेच कंपनीला दिलं होतं. बदली माणूस दिल्याशिवाय कंपनी त्याचा राहिलेला पगार सोडत नव्हती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलो.

१२ मार्च, बुधवार

माझा स्वतःचा आवाज आता सकाळी थोडा वेळ असतो. चहा होईपर्यंत. मग वॉल्टर. कधी तो मुलगा.

आईला रोज फोन करायचो, ते बंद केलंय. गिरिजाला सांगायला लावलं की घसा बसलाय. आई म्हणते, बसलेलाच ऐकव, तोही माझ्या मुलाचाच आहे ना.

मयूराला झोपवताना गोष्ट सांगायला गेलो. पहिल्याच शब्दाला ती उठून बसली आणि गिरिजाला म्हणाली, "दॅट्स नॉट बाबा."

१४ मार्च, शुक्रवार

ठरवलं. त्यांना बोलायचं आहे तर बोलू दे. सिनेटरच्याच मशिनवर बोलू दे. बूथमध्ये बसलो, नंबर लावला, लिहून दिलेला कागद उलटा ठेवला आणि तोंड उघडलं. वॉल्टर बोलला. सगळं खरं बोलला. पाणी, लघवीतून रक्त, कारखान्याचा माणूस घरी येऊन काय म्हणाला ते. त्याच्यामागून बाकीचेही. माझा घसा सोलून निघाला, पण इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

कायदा झाला.

लीनाने केक आणला होता. माझ्यावर रागावली नाही. तिकडची पोरं पूर्ण निरोप ऐकतच नाहीत म्हणाली. नाव आणि गाव ऐकतात आणि मोजतात. शुक्रवारचे सगळे पाठिंब्यात धरले गेले. त्या नावांचे आधीचे सगळे निरोप पाठिंब्याचेच होते ना.

केकचा तुकडा माझ्या हातात दिला. मी धरून उभा राहिलो.

मग म्हणाली पुढचं काम इथलंच आहे. क्लायंट मेलबर्नच्या पश्चिमेला कारखाना काढतोय. इथल्या आमदारांना पश्चिमेच्या रहिवाशांचे फोन जायला हवेत. ट्रुगानिनाचे. मला आता कामावर यायची गरज नाही, माझा नमुना आहेच त्यांच्याकडे. आणि मी काही उभा राहून सांगू शकणार नाही की हा आवाज माझा नव्हे.

माझ्या खुर्चीवर नवा मुलगा बसलाय. शार्दूल. हेडफोन लावून हसत होता. ओठ हलत होते. मी वाचले ओठ. मी आईशी बोलतो तेच शब्द—

२० मार्च, गुरुवार

सकाळचाही गेला. चहाच्या आधीच वॉल्टर.

गिरिजाला लिहून सांगितलं सगळं. तिने विश्वास ठेवला. ठेवला असं वाटतं. मयूरा माझ्या खोलीत येत नाही.

लिहिलेलं आईला वाचता येत नाही. आईला कसं सांगू. आईला कसं—

२२ मार्च, शनिवार

गिरिजा नागपूरला फोन करून आईला सांगत होती, सुखदेवच्या नावाने कुणी फोन केला तर विश्वास ठेवू नका. मी दाराशी उभा.

आई हसत होती. म्हणे वेडी आहेस का गं, मघाशीच तर बोलला. घसा मोकळा झालाय. आधी गप्प होते मी जरा, ओळखायला, मग रडूच आलं. विचारलं, जेवलास का, घरी कधी येतोस.

लवकरच, म्हणाला.

परीक्षा. शार्दूल पास—

२३ मार्च, रविवार

फोटोसमोर बसलोय. वही मांडीवर. बोलता येत नाही म्हणून लिहितोय, तोंड घट्ट मिटून—

आईने दोन्ही फोन समोरासमोर ठेवलेत. एकावर आम्ही. दुसऱ्यावर तो. म्हणे आज सुखदेव ऑफिसातून म्हणणार, सगळे मिळून म्हणू.

आई सांगते. गिरिजा म्हणत नाही, रडते. तो म्हणतो. माझा आवाज. इतका स्वच्छ, मलाही कधी—

पाणातिपाता. अदिन्नादाना. तिसरं.

चौथं आलं. तो अडेल. अडायलाच हवा, मी अडलो, तनय—

अडला नाही. खोटं बोलणार नाही, म्हणाला. एका दमात. माझ्या आवाजात.

आई म्हणते, शाब्बास बाबू.

मयूरा धावत आली. माझ्याकडे नाही. फोनला बिलगली, बाबा, बाबा म्हणतेय, तो तिला हाक मारतोय, बरोब्बर मी मारतो तशी— आता नाही राहवत— तोंड उघडतोय— आई, मी इथे आ