बाबांच्या कुकीजवरची साखर

१२ जून

लाडक्या चिमीला,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत.

ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी कुकीज करतेयस, वर कुठली साखर घालू, असं विचारलंस. पिठीसाखर मुळीच नको, गरम कुकीवर विरघळून चिकट डाग पडतात. जाड साखर घे आणि ओव्हनमध्ये ठेवण्याआधी हलक्या हाताने दाब. म्हणशील, आई कधीपासून एवढी शहाणी झाली! अगं, हल्ली कुकीज बाबाच करतात. दुकानांच्या पाट्या रंगवणं सोडल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत असतात, म्हणून रंगीत साखरेची नक्षी.

परवा शेजारच्या मास्तरीणबाई आल्या. बाबांनी मोठ्या ऐटीत बशी पुढे केली. बाईंनी एक घास घेतला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की बघायलाच हवा होतास. साखरेऐवजी खडेमीठ! मी म्हटलं, "अगंबाई, बरण्या मीच बदलल्या." साफ खोटं. बरण्या जागच्या जागी होत्या, मिठाची निळ्या झाकणाची, साखरेची लाल. त्यांनी पाट्या रंगवणं का सोडलं, ते मला तेव्हा कळलं.

काल दुकानात गेले. दुकानातली बाई एकेक रंग दाखवतेय आणि मी डोळे मिटून साखर चिमटीत चोळतेय. ती म्हणाली, "मावशी, साखर घेताय की कापड?" हसले, आणि पुढची चिमूट घेतली. शेवटी मोहरीएवढ्या गोल, गुळगुळीत दाण्यांची घेतली. मिठाशी गल्लत व्हायला नको.

घरी पुडी त्यांच्या हातात दिली. बोटं फिरवून म्हणाले, "वा, रंग झकास आणलास."

"अहो, पांढरी आहे ती."

त्यांनी पुडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चिमीला कळवायचं नाही. नोकरी सोडून धावत येईल." मी म्हटलं, लेकीशी खोटं बोलणं मला जमणार नाही. तर रागावून आत गेले, जेवलेही नाहीत.

आत्ता लिहिताना मागे येऊन उभे राहिले. "कुणाला?" "चिमीला." वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मी सांगतो तसं लिही."

"चिमे, मला पाटी वाचताही येत नाही आता. नोकरी सोडू नकोस, पण सुट्टी काढून ये. अगदी जवळ बसलीस तर तुझा चेहरा अजून दिसेल. उशीर करू नकोस."

तुझी आई,
आणि बाबा (सही मीच केलीय)