एका कॉम्प्युटरवर दोघं

२१ जुलै, सोमवार
आयटीचं दुसरं वर्ष सुरू. लॅबमध्ये रोल नंबरप्रमाणे दोघांत एक कॉम्प्युटर. माझ्या वाट्याला नितीन. देवगाव रंगारीचा. दहावीत असताना त्याचे डोळे गेले, आता फक्त उजेड-अंधार कळतो. गेल्या वर्षी दुसऱ्या बॅचला होता, कधी बोलले नव्हते.
मॅडमनी मला बाजूला घेतलं. "प्रज्ञा, सांभाळून घे गं त्याला."
हो म्हटलं. मनात आलं, माझंच मला होईना, आता ह्याचं पण. वाईट विचार, पण आला.

२३ जुलै, बुधवार
यंदा प्रोग्रामिंगला पायथन. आत्या (इथं शहरात, छावणी भागात तिच्याकडंच राहते मी) शेजारणीला सांगत होती, "आमची पैठणची पोरगी पायथन शिकती!" स्वतःच लई हसली.
नितीनला बोलणारं सॉफ्टवेअर लागतं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं. लॅबच्या कॉम्प्युटरवर ते नाही. स्वतःचा लॅपटॉप आत न्यायला मनाई. त्यानं अर्ज दिलाय. तोवर स्क्रीन मी वाचायची, तो सांगेल ते मी टाइप करायचं.

६ ऑगस्ट, बुधवार
लॅब सुटल्यावर कँटीनमध्ये नितीननं लॅपटॉप उघडला. एक हेडफोन माझ्या कानाला. नुसता भुंगा! एक अक्षर कळलं नाही.
"एवढं फास्ट तुला कळतं?"
"तू काय एकेक अक्षर लावून वाचती का?"
पायथनमध्ये कोणती ओळ किती आत सरकवली ह्यावर सगळा अर्थ. मला ते नुसतं दिसतं, त्याला ऐकू येतं. चार स्पेस, आठ स्पेस. आज लॅबमध्ये अडलेला प्रोग्राम पेनड्राइव्हवर आणला होता, तो त्यानं तिथंच ऐकला आणि म्हणाला, "सातव्या ओळीत तीनच स्पेस दिल्यास तू."
खरंच तीन होत्या. एक तास मी त्या ओळीकडं बघत होते.

२० ऑगस्ट, बुधवार
अर्ज वर ऑफिसातच अडकलाय. लॅब बघणारे शफीकभाई म्हणाले, "बेटा, मेरे हाथ में रहता तो कबका डाल देता मैं. पासवर्ड ऊपर है ना."
आमचं मात्र जमलंय आता. तो बोलतो, मी टाइप करते. वर्गात सगळ्यात आधी आमचा प्रोग्राम चालतो. मॅडम खूश.

९ सप्टेंबर, मंगळवार
नितीन गावी. ताप आलाय म्हणे. आणि आज सबमिशनची शेवटची तारीख. प्रत्येकाचा वेगवेगळा प्रोग्राम. माझा त्यानं मागच्याच आठवड्यात सगळा सांगून ठेवला होता, तो दिला. मग त्याचाही बसून केला. इकडून तिकडून बघून. त्याच्या नावानं टाकला.
बरं वाटलं. कुणासाठी तरी काही केलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
आज नितीन आला. मॅडम वर्गात म्हणाल्या, "नितीन, तापात सुद्धा सबमिशन! शिका जरा ह्याच्याकडून." टाळ्या.
बाहेर आल्यावर मला म्हणाला, "कुणी सांगितलं होतं?"
"अरे, तुझं राहिलं असतं."
"राहू द्यायचं मग."
"मार्क गेले असते."
"माझे गेले असते ना? दहावीपासून सगळे माझं करून द्यायलेत. भाकरी पण कुस्करून देतात घरी. एवढं एक माझं होतं."
तसाच काठी टेकत मॅडमकडं गेला आणि सांगून आला. त्याचे मार्क रद्द. मला मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या.
रिक्षात रडले. माझं काय चुकलं? म्हणजे चुकलंच. पण एवढं?

१७ सप्टेंबर, बुधवार
सुट्टी. आत्यानं विचारलं, तोंड का उतरलंय. सांगितलं सगळं. ती भांडी लावत ऐकत होती. म्हणाली, "विचारायचं ना त्याला, एक फोन." एवढंच.
फोन. ताप आलेल्या माणसाला फोन करता येत होता. सुचलंच नाही मला.

२४ सप्टेंबर, बुधवार
आठवडाभर लॅबमध्ये फक्त कामाचं बोलणं. "पुढची ओळ." "हं."
आज मीच म्हटलं, "चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं."
"व्हय," म्हणाला. थोड्या वेळानं, "अर्जाचं बघायला चलती का? ऑफिस कुठल्या मजल्यावर हलवलंय, मला नाय माहीत."
गेलो. तो एकटा आत गेला, मी बाहेर बाकावर. दारातून आवाज येत होता. क्लार्क म्हणत होते, असं आजवर कुणी मागितलं नाही, कुठल्या फाइलला लावायचं तेच कळेना. नितीन म्हणाला, "नवीन फाइल काढा सर. माझ्या मागून अजून कुणी येईल."
बाहेर आला तेव्हा अर्जावर सही झालेली.

२९ सप्टेंबर, सोमवार
सॉफ्टवेअर आलं, आमच्याच कॉम्प्युटरवर. शफीकभाईंनी स्वतः टाकलं आणि नितीनच्या पाठीवर थाप मारली. नितीन की-बोर्डवर, हेडफोन लावून. धडाधड टाइप करत होता. मी शेजारी. हात मांडीवर.
चांगलंच झालं. मग मला असं रिकामं का वाटलं, ते लिहिता येईना.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, पैठण
भाऊबीज. पप्पा एसटी डेपोत मेकॅनिक. म्हणाले, "आम्ही इंजिन खोलून दाखवतो. तू पण दाखव की काहीतरी चालवून." लॅपटॉप उघडला. साधी यादी करायची होती. नावं घ्यायची, क्रमानं लावायची. तीनदा लाल एरर.
"नेट नाही पप्पा," म्हटलं.
ह्याला नेट लागतच नाही. पप्पांना काय माहीत. खोटं बोलले त्यांच्याशी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
प्रॅक्टिकल. बाहेरच्या कॉलेजचे सर आले होते परीक्षक म्हणून. नितीनचे हेडफोन बघून म्हणाले, "हे परीक्षेत चालणार नाही. तोंडी विचारतो दोन प्रश्न, पास करून टाकू."
नितीन म्हणाला, "सर, पास करू नका. परीक्षा घ्या."
मॅडम मध्ये पडल्या. ठरलं असं की हेडफोन नाही, स्पीकर लावायचा. पण मग सगळ्यांना ऐकू जाणार, म्हणून सगळ्यांचं झाल्यावर शेवटी तो एकटा. तीन तास बाहेर बसून राहिला.
मला आलेला प्रश्न: फाइल उघडून त्यातले शब्द मोजा. सोपा. बोटं की-बोर्डवर ठेवली आणि थांबले. कळलं की मी कुणीतरी सांगायची वाट बघतेय. कान उजवीकडं. तिथं कुणी नव्हतं.
प्रोग्राम शेवटपर्यंत चालला नाही. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, वर बघितलं नाही.
मग नितीन आत, मी बाहेर. दाराआडून तो भुंगा ऐकू येत होता. मध्येच थांबायचा, परत सुरू. तासाभरानं तो बाहेर आला.
"चालला?"
"दुसऱ्या वेळी. तुझा?"
"चालला," म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सांगून टाकलं. कँटीनमध्ये, चहा समोर. परवा चालला नाही. पप्पांसमोरही चालला नव्हता. सबमिशनला तुझं म्हणून जे केलं, ते पण इकडून तिकडून उचललेलं.
तो म्हणाला, "मला वाटायचं तुला सगळं येतं. मला करू द्यावं म्हणून तू गप राहती."
"नाही रे."
"अख्खं सेमिस्टर?"
"अख्खं."
हसला नाही. हसेल म्हणून धरून चालले होते. चहा गार झाला दोघांचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
थिअरीचे पेपर व्हायचेत, निकाल त्यानंतर. मॅडमनी पुढच्या सेमिस्टरच्या जोड्यांचा फॉर्म दिला. कुणाला बदलायचंय का? नितीन म्हणाला, "प्रज्ञाला विचारा." शुक्रवारपर्यंत द्यायचा.
जिन्यात विचारलं त्याला, तुझं काय मत. "माझा विचार करून ठरवू नको," म्हणाला. "तेवढं एक कर."
त्याच्याजवळ बसले तर परत त्याच्यावरच टेकणार. सोडलं तर लोक म्हणतील, बघा, कंटाळली. लोकांचं जाऊ दे. मला स्वतःला काय पाहिजे?

२० नोव्हेंबर, गुरुवार
दुपारभर बसले. तोच शब्द मोजायचा प्रोग्राम. कुणाचं बघायचं नाही असं ठरवून. अकरा एरर आल्या, एकेक वाचून काढली. आत्यानं दोनदा जेवायला हाक मारली. चारच्या सुमाराला चालला. आकडा बरोबर आला. हातानं मोजून बघितले शब्द, तेवढेच.
एकटीनं केलेलं पहिलं काहीतरी. आणि चालल्याबरोबर पहिलं काय वाटलं, तर नितीनला सांगावं.
फॉर्म समोर आहे. फोन हातात घेऊन बसलेय. अजून दोन्हीतलं काही झालं नाही, ना फॉर्म भरला, ना त्याला फोन लावला.