नदीकाठी कोण कोण होतं

ओहायो नदीकाठ,
१२ मे १८४२

प्रिय बाबा,

नमस्कार. मी खुशाल आहे, आणि हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. खरोखरच मजेत आहे. सफरचंदांना बहर आलाय. शाळेतली मुलं दांडगी असली तरी मायाळू आहेत. धक्क्याला आगबोट लागली की माझा व्याकरणाचा तास संपतो. म्हणून मी नियमच केलाय: इंजिनाच्या नुसत्या धापेवरून जो बोटीचं नाव ओळखेल, त्याने आधी पळायचं. तुम्ही इथे असता तर रोज पहिले पळाला असता.

पदवीचा कागद भिंतीवर लावलाय. आपल्या घरातला पहिलाच, म्हणून जाता-येता बघते. कुठल्या भिंतीवर, ते पुढे सांगते.

जेवणाची काळजी नको. मक्याची भाकरी, डुकराचं मांस, वाटाणे. इथे शिक्षिकेने पाळीपाळीने घरोघर राहायचं असतं. मार्चमध्ये कुंभाराकडे होते, एप्रिलमध्ये गिरणीवाल्यांकडे.

मे महिना, आणि तो कागदही, पेनिमनांकडे आलाय.

हो बाबा, तेच. आपल्या गावच्या चर्चचे कारभारी, डीकन पेनिमन. म्हातारपणी मुलामागे इकडे आलेत. रविवारी, कामाला नि करमणुकीला बंदी असलेल्या दिवशी, तुम्ही स्वतः बनवलेल्या आगबोटीची भट्टी पेटवली म्हणून ज्यांनी भर प्रार्थनेत उभं राहून तुम्हाला चर्चबाहेर काढलं, त्यांच्या ताटाला हात लावायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पहिल्या दिवशी मी ट्रंक उघडलीच नाही. उपाशी झोपले. सकाळी थँकफुलकाकू, त्यांची बायको, म्हणाल्या, "राग त्यांच्यावर धर, माझ्या भाकरीवर कशाला?" मग खाल्लं.

परवा जेवताना नदीवरून बोट वर गेली. डीकनकाका कान देऊन म्हणाले, "ही गुळगुळीत चालते. तुझ्या बापाची फार खोकायची."

माझा चमचा हातातच राहिला. "तुम्ही कधी ऐकलीत? सगळं गाव तर चर्चमध्ये होतं. धुराखेरीज कोणी काही पाहिलं नाही, असं तुम्हीच सांगितलंत."



"सांगा आता," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी यांच्या पोटात कळ आली होती, पोरी. अंथरुणातून उठवत नव्हतं. आणि मी प्रार्थनेहून परतते, तर परसात माशांची खवलं!"

"गळ टाकून बसलो होतो," काका म्हणाले. "तुझा बाप प्रवाहाच्या उलट गेला. वल्हं नाही, शीड नाही. वळणापर्यंत गेला नि परत आला. मी एकटा नव्हतो. पलीकडच्या झुडपात पाद्रीबुवांचा मेहुणा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही कुणाला पाहिलं नाही."

बाबा, नदी रिकामी मिळावी म्हणून तुम्ही रविवार निवडलात. आणि ज्यांनी पाहिलं त्यांना रविवारमुळेच तोंड उघडता येईना. बोट चालली असं सांगता म्हणून इतकी वर्षं गाव तुम्हाला थापाड्या म्हणालं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी हसतच सुटले. काकूही हसल्या. काका मात्र हसले नाहीत.

म्हणाले, "मी इथल्या चर्चमध्ये उभा राहून सगळं कबूल करीन. मासे, खोटी कळ, आणि ती बोट. पण त्याच्या माघारी नाही. त्याला काढलं तेव्हा तो समोर बसला होता. आताही समोर बसलेला हवा."

त्यांचे पाय सुजतात, बाबा. दुसऱ्या हिवाळ्याची खात्री नाही. डोंगर ओलांडून पिट्सबर्गपर्यंत गाडी मिळेल. तिथून पुढे आगबोटच.

तुमची शपथ मला ठाऊक आहे. शोध तुमचा असून दुसऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या बोटीवर पाय ठेवणार नाही. खुशाल इंजिनापाशी बसा, वाटभर चुका काढा, इंजिनवाल्याला हैराण करा. पण या. वॉशिंग्टनचे सरकारी लोक आगबोटीच्या शोधाबद्दलचा तुमचा अर्ज वाचतील की नाही, मला माहीत नाही. इथले लोक मात्र ऐकतील, आणि मला वाटतं खरं असंच सांगायला हवं: ज्याच्याबद्दल आहे, त्याच्यासमोर.

खाली बोट आली की माझी शाळेतली मुलं तुमची बोट धापेवरून ओळखतील.

चर्चमधल्या पुढच्या बाकावर तुमची जागा धरून ठेवते.

तुमची बोट कधीही न पाहिलेली, आणि ती चालली याची कधीही शंका न घेतलेली,
हिटी